जुन्या गाडीच्या इंजिनातील अनोळखी आवाज : नवख्या मालकासाठी तपासणीचा क्रम

प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर नव्याने घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो : इंजिनातून येणारा हा आवाज या गाडीचा स्वभावच आहे, की आत काही बिघडले आहे? आजच्या गाड्यांची सवय असलेल्या कानाला जुन्या इंजिनाचे सगळेच आवाज संशयास्पद वाटतात. याउलट ज्यांना घरातली जुनी गाडी वारशाने मिळालेली असते, ते खरोखर धोक्याचा आवाजही ‘ती पूर्वीपासून अशीच वाजते’ असे म्हणून सोडून देतात. दोन्हीकडे नुकसान मालकाचेच होते. पहिल्या प्रकारात गरज नसलेले इंजिनकाम गळ्यात पडते आणि दुसऱ्या प्रकारात नुसत्या बेअरिंगवर भागले असते ते काम क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यापर्यंत, जाऊन पोहोचते.

या लेखाचे सांगणे एवढेच आहे, की आवाज नेमका कधी येतो, कोणत्या लयीत येतो आणि कुठून येतो, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय इंजिनाचा एकही बोल्ट उघडू नये, कारण यांतील बहुतेक तपासण्या घरच्या अंगणात, जवळजवळ काहीही खर्च न करता होतात. पुढील क्रम प्रामुख्याने दोन इंजिनांसाठी लिहिला आहे. एक पद्मिनीचे १०८९ सीसीचे, मूळ फियाट ११०० या गाडीचे इंजिन आणि दुसरे अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे, ब्रिटिश बीएमसी घराण्यातले इंजिन. दोन्ही इंजिने चार सिलिंडरची आहेत, दोन्हींत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बाजूला असून पुशरॉड आणि रॉकरच्या साहाय्याने वरचे व्हॉल्व्ह चालतात, दोन्हींत टाइमिंग चेन आहे, क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगवर (ब्लॉकमधील मुख्य आधारांवर) फिरतो आणि फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ अशी एकच आहे. म्हणून एका गाडीवर शिकलेले दुसरीवर जसेच्या तसे उपयोगी पडते. ज्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचे पेट्रोल इंजिन किंवा कोणतेही डिझेल इंजिन आहे, तिला मात्र यातला टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फटीचा) आणि प्लगचा भाग सरसकट लावू नये.

आधी ठरवा : तपासायचे की तत्काळ बंद करायचे?

खालून, चेंबरच्या (इंजिनाखालील तेलाच्या भांड्याच्या) बाजूने, जड आणि खोल ठोका ऐकू येत असेल आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरील तेलाच्या दाबाचा दिवा लागत किंवा लुकलुकत असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. कसारा घाट चढताना असे झाले, तर ‘इगतपुरीपर्यंत सावकाश नेऊ’ हा विचार मनात आणू नये, कारण बेअरिंगमधील तेलाचा थर तुटल्यावर धातू धातूवर घासतो आणि पुढच्या काही किलोमीटरमध्ये कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येण्याची शक्यता खरी असते. अशा वेळी टोइंगचा खर्च हा सर्वांत स्वस्त खर्च ठरतो.

इंजिन बंद करून, गाडी सपाट जागी लावून आणि पाच-दहा मिनिटे तेल खाली उतरू देऊन डिपस्टिक पाहावी. ही तपासणी कोणत्याही आवाजासाठी सर्वांत पहिली आहे. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले असेल, तर योग्य तेल भरून मगच पुढचे पाऊल टाकावे. वरची टकटक तेवढ्याने थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरते आहे का, हे पाहावे, कारण पातळ झालेले तेल दाब धरत नाही. याच कारणाने या इंजिनांत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दर्जाचे तेल घालावे. नव्या गाड्यांसाठीचे पातळ तेल ‘महाग आहे म्हणजे चांगलेच असणार’ अशा समजुतीने घातले, तर झिजलेल्या जुन्या इंजिनात गरम झाल्यावर आवाज वाढतो.

आवाजाची नोंद

एक वही घ्यावी आणि आवाज आला की चार गोष्टी लिहाव्यात : इंजिन थंड होते की गरम, गाडी उभी होती की चालती, इंजिनावर भार होता की नव्हता, आणि रेस दिल्यावर व सोडल्यावर आवाजात काय बदल झाला. नवख्या माणसाला ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण अर्धे निदान येथेच होते.

नाशिकचे हवामान या कामी मोठी मदत करते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा येथे अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो आणि रात्रभर उघड्यावर उभे राहिलेले इंजिन खऱ्या अर्थाने थंड असते. अशा सकाळी इंजिन सुरू केल्यावर मधल्या भागातून पोकळ खटखट येत असेल आणि इंजिन तापत जाईल तशी ती मावळत असेल, तर पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यातील फट वाढलेली आहे आणि थंड, आकसलेला पिस्टन भिंतीवर आपटतो आहे, असे समजावे. पिस्टन तापून फुगला की फट भरते व आवाज थांबतो. हा आवाज झिजेचा आहे, पण तातडीचा नाही. इंजिन गरम होईपर्यंत जोरात रेस न देता गाडी चालवली, तर अशी इंजिने पुढे वर्षानुवर्षे चालतात. थंडीत येऊन उष्णतेबरोबर जाणारा दुसरा आवाज म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) पॅकिंगमधील गळती. तिच्याविषयी पुढे येईल.

याच्या नेमके उलट वागणारे आवाज अधिक गंभीर मानावेत. सकाळी शांत असलेले इंजिन एप्रिल-मेच्या दुपारी द्वारका चौकाच्या गर्दीत अर्धा तास अडकल्यावर खालून ठोकू लागत असेल, तर तापून पातळ झालेले तेल बेअरिंगमधील वाढलेली फट झाकू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून गाडी विकत घेताना केवळ थंड इंजिन ऐकून किंवा केवळ गरम इंजिन ऐकून व्यवहार करू नये. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन ऐकावी.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवणे चांगले, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालच्या पट्टीतले जड ठोके त्यात दबतात आणि टॅपेटची बारीक टकटक आहे त्यापेक्षा मोठी ऐकू येते. तरीही तोच मोबाइल दर वेळी त्याच जागी धरून घेतलेली दोन रेकॉर्डिंग एकमेकांशी ताडून पाहण्यास उपयोगी पडतात.

आवाज इंजिनाचाच आहे का?

गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये रेस द्यावी. चालत्या गाडीत येणारा आवाज उभ्या गाडीत त्याच रेसवर येत नसेल आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढत-कमी होत असेल, तर चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा डिफरन्शिअल यांच्याकडे पाहावे लागेल. तो या लेखाचा विषय नाही. मात्र काही इंजिनांचे आवाज भाराखालीच येतात, हे लक्षात ठेवून चालती तपासणीही करावी. त्यासाठी सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लांब कुंपणभिंतींचे रस्ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फार सोयीचे असतात : काचा खाली करून भिंतीच्या जवळून हळू गाडी नेली की भिंतीवरून परतणारा आवाज कानाला स्वच्छ ऐकू येतो.

यानंतर क्लच. इंजिन सुरू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लचचे पेडल हळूहळू पूर्ण दाबावे. पेडल दाबल्यावर घरघर किंवा किरकिर सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग दोषी असते. पेडल सोडलेले असताना येणारी घरघर पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे. पण पेडल दाबल्यावर जड ठोका बदलत किंवा थांबत असेल, तर ती बाब वेगळी आणि गंभीर आहे : क्लचचा दाब क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो, आणि क्रँकच्या पुढेमागे होणाऱ्या हालचालीला अडवणारे थ्रस्ट वॉशर झिजले असतील, तर तेथील खेळ असा उघड होतो.

बॉनेट उघडण्याआधी

सुरू इंजिनाजवळ काम करताना ओढणी, पदर, मफलर, गळ्यातील साखळी, सैल बाही यांतले काहीही लोंबते नसावे. या गाड्यांचा पंखा इंजिनावरच फिरतो आणि त्याला बहुधा पुरेशी जाळी नसते. हा इशारा केवळ औपचारिकता म्हणून दिलेला नाही; पंख्याने बोटे गेलेली माणसे या व्यवसायात आहेत. इंजिन बंद शेडमध्ये चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हत्यारांत फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), साधे पाने, इन्सुलेटेड पक्कड, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आणि दोन-तीन फूट रबरी नळी एवढे पुरते. टाइमिंग लाइट मिळाल्यास उत्तम.

पट्टा काढून पाहा

इंजिनाच्या पुढच्या बाजूने येणारे आवाज वेगळे काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फॅनबेल्ट उतरवून इंजिन चालवणे. पट्टा नसताना पाणी फिरत नाही, म्हणून इंजिन थंड असतानाच हे करावे आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक चालवू नये. आवाज गेला, तर दोष वॉटर पंप, डायनामो किंवा अल्टरनेटर यांपैकी एकात आहे. मग इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवावी, पुढे-मागे, वर-खाली हलवून पाहावी. वॉटर पंपाच्या पुलीत खेळ जाणवला आणि पंपाखाली पाण्याचा सुकलेला डाग दिसला, तर पंप बदलण्याची वेळ झाली आहे. पट्ट्याची नुसती कुईकुई असेल, तर चालू इंजिनात पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दुरून पाण्याचे थोडे थेंब टाकावेत : आवाज क्षणभर थांबला, तर पट्टा कडक होऊन चकाकला आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत, आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे.

येथे एक उदाहरण सांगणे आवश्यक वाटते. गंगापूर रोडवरील एका परिचितांच्या अ‍ॅम्बेसेडरला खालून ठोका येत होता आणि एका गॅरेजमध्ये बिगएंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडील बेअरिंग) गेल्याचे सांगून इंजिन उतरवण्याचा खर्चही काढून दिला होता. पट्टा काढल्यावर ठोक्याची पट्टीच बदलली. क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून फिरवल्यावर इंजिन न हलता पुली मात्र थोडी हलत होती : पुलीचा मोठा नट सैल झाला होता आणि शाफ्टवरील चावीची खाच झिजून रुंद झाली होती. पुली, चावी आणि नट बदलल्यावर ठोका पूर्ण थांबला. सैल क्रँक पुली आणि फ्लायव्हीलचे सैल बोल्ट यांचा ठोका बिगएंडच्या ठोक्याशी इतका जुळतो, की या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय बिगएंडचे निदान कोणाकडूनही स्वीकारू नये.

लय ओळखणे

ही पायरी नवख्या माणसाला कोणी सहसा सांगत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या अर्ध्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल, तर क्रँकशी बांधलेल्या वस्तूचा ठोका मिनिटाला ८०० वेळा पडू शकतो, पण एका व्हॉल्व्हची टकटक ४०० वेळाच पडेल. पेट्रोल पंपही कॅमशाफ्टवरच चालतो, म्हणून त्याचीही टकटक अर्ध्या वेगाचीच. कानाने एवढे मोजणे अशक्य आहे, पण टाइमिंग लाइट हे काम करतो. त्याचा चिमटा एका प्लगच्या वायरीवर लावला, की दिवा क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा चमकतो. दिव्याकडे पाहत आवाज ऐकावा : प्रत्येक चमकेला एकच टक् येत असेल, तर आवाज कॅमशाफ्टच्या वेगाचा आहे, म्हणजे टॅपेट, रॉकर, पुशरॉड, पेट्रोल पंप किंवा एकाच सिलिंडरची एक्झॉस्ट गळती. एका चमकेला दोन ठोके पडत असतील, तर क्रँकशी जोडलेल्या भागांकडे वळावे. बिगएंड काही वेळा केवळ स्फोटाच्या फेरीतच जोरात ठोकतो, म्हणून ही कसोटी एकटीने निकाल देत नाही. पुढच्या दोन कसोट्यांशी जुळली तरच धरावी.

जागा शोधणे

लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या घट्ट भागावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावी. एका जागी आवाज मोठा वाटला म्हणून तेथेच थांबू नये. शेजारच्या चार जागा ऐकून तुलना करावी, कारण लोखंडी ब्लॉकमधून आवाज दूरवर पसरतो. रॉकर कव्हरवर टॅपेट, पुढच्या कव्हरवर टाइमिंग चेन, ब्लॉकच्या मधल्या उंचीवर पिस्टन आणि गजनपिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन), चेंबरच्या कडेला बिगएंड व मेन बेअरिंग, असा ढोबळ नकाशा मनात ठेवावा. पेट्रोल पंपावर टोक अवश्य टेकवावे. त्याच्या लिव्हरची टकटक टॅपेट समजून अनेकांनी टॅपेट पुन्हापुन्हा सेट केलेले आहेत. टाइमिंग चेन सैल झाली, की आयडलिंगवर आणि रेस सोडताना पुढच्या कव्हरमधून सळसळती खडखड येते, स्थिर रेसवर ती बहुधा दबते.

हवेच्या आणि वायूच्या गळतीसाठी मात्र स्क्रू ड्रायव्हर नव्हे, रबरी नळी वापरावी. तिचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या जोडावरून, कार्बोरेटरच्या बुडाभोवती आणि प्लगच्या बुंध्यांजवळून हळूहळू फिरवावे. एक्झॉस्ट पॅकिंग गेले असेल, तर टॅपेटशी हुबेहूब जुळणारी टकटक येते, पण जोडावर काजळीची काळी रेघ दिसते, आणि दुसऱ्या माणसाने जाड फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबले, की आवाज वाढतो. गळती शोधण्यासाठी गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल शिंपडण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती कोणीही सांगितली तरी करू नये.

टॅपेट

वरून येणारी, रेसबरोबर वेगवान होणारी, हलकी आणि नियमित टकटक बहुधा टॅपेटची असते. रॉकर कव्हर काढून इंजिन अगदी मंद आयडलिंगवर ठेवावे. थोडे तेल उडेल, म्हणून चष्मा लावावा आणि खाली फडकी अंथरावीत. आता फिलर गेजची पातळ पट्टी एकेका रॉकरच्या टोकात आणि व्हॉल्व्हच्या देठात हळूच सरकवावी. ज्या ठिकाणी पट्टी गेल्यावर टकटक थांबते, तो टॅपेट दोषी. पट्टी रॉकरबरोबर वर-खाली नाचते आणि बोटांना दर वेळी एक हलका धक्का देते. चांगल्या टॅपेटवर तो धक्का मऊ लागतो, सैल टॅपेटवर तीक्ष्ण. चार रॉकर तपासल्यानंतर हा फरक बोटांनाच कळू लागतो.

माप घेणे मात्र बंद इंजिनात, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने आणि तेथे सांगितलेल्या थंड किंवा गरम स्थितीतच करावे. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनासाठी ‘नऊचा नियम’ लक्षात ठेवायला सोपा आहे : पुढून एक ते आठ असे व्हॉल्व्ह मोजावेत आणि जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नऊमधून वजा करावा, जो क्रमांक येईल तो टॅपेट सेट करावा. आठवा उघडा असेल तर पहिला, सहावा उघडा असेल तर तिसरा. चारही प्लग काढून ठेवले, की इंजिन स्टार्टिंग हँडलने सहज फिरते.

दोन गोष्टींची जाणीव ठेवावी. जुन्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या देठाने खळगा पाडलेला असतो. सपाट पट्टी खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि माप बरोबर दाखवते, प्रत्यक्षातील फट मात्र खळग्याच्या खोलीएवढी जास्त असते. माप अचूक असूनही टकटक राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे आणि त्याचा उपाय रॉकर घासून घेणे किंवा बदलणे हा आहे. दुसरी गोष्ट, आवाज अजिबात नको म्हणून टॅपेट मापापेक्षा घट्ट करू नयेत. घट्ट टॅपेटमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडकडे जात नाही आणि तो जळतो. किंचित वाजणारा टॅपेट चालेल, घट्ट चालणार नाही.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

आवाज मधून किंवा खालून येत असेल, तर ही कसोटी निर्णायक असते. पॉइंट आणि कंडेन्सरची मूळ व्यवस्था असलेल्या गाडीतच ती करावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर वायर उघडी पडून मॉड्यूल जळण्याचा धोका असतो. इंजिन आयडलिंगच्या थोडे वर ठेवावे, इन्सुलेटेड पकडीने एका प्लगची कॅप काढून तिचे धातूचे टोक ब्लॉकला टेकवावे आणि चार-पाच सेकंद ऐकावे. याहून जास्त वेळ ठेवू नये, कारण न जळलेले पेट्रोल बोअरवरचे तेल धुऊन टाकते.

त्या सिलिंडरचा स्फोट थांबला आणि ठोका स्पष्ट कमी झाला, तर त्याच सिलिंडरचा बिगएंड किंवा पिस्टन दोषी आहे. या दोघांतील फरक आधीच्या नोंदीवरून कळतो : थंडीत मोठा आणि गरम झाल्यावर कमी होणारा पिस्टनचा, गरम झाल्यावर वाढणारा आणि रेस किंचित सोडताना जास्त जाणवणारा बिगएंडचा. ठोका कमी होण्याऐवजी दुहेरी झाला, तर गजनपिनचा संशय घ्यावा. एका सिलिंडरने फरक पडला नाही, पण शेजारचे दोन एकाच वेळी बंद केल्यावर पडला, तर त्यांच्याजवळचे मेन बेअरिंग पाहावे लागेल. मेन बेअरिंगचा आवाज सर्वांत जड असतो, भार घेताना वाढतो आणि कानापेक्षा पायाखालच्या पत्र्यात आधी जाणवतो. कोणतेही सिलिंडर बंद केले तरी आवाज तसाच राहिला, तर पुन्हा टॅपेट, पंप, चेन आणि पुली यांच्याकडे यावे.

घाटातली खडखड

कसारा किंवा सप्तशृंगीचा घाट वरच्या गिअरमध्ये चढताना, रेस दाबताच काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा आवाज यावा आणि रेस सोडताच थांबावा, तर तो बेअरिंगचा नसून पेट्रोल-हवेचे मिश्रण वेळेआधी किंवा बेबंद पेटण्याचा आहे. प्रथम गिअर उतरवावा. घरी आल्यावर टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासावे. डिस्ट्रिब्युटर किंचित मागे घेऊन तोच चढ पुन्हा चढल्यावर आवाज गेला, तर कारण मिळाले. टाइमिंग बरोबर असूनही आवाज येत असेल, तर ज्वलनकक्षात साठलेला कार्बन, चुकीच्या उष्णतेचा प्लग, डिस्ट्रिब्युटरमधील अडकलेली वजने आणि तापणारे इंजिन हे क्रमाने पाहावे.

अनेक जण याचा दोष लगेच इथेनॉलला देतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक या इंजिनांच्या काळातील पेट्रोलपेक्षा कमी नाही, जास्तच आहे. त्याचा त्रास दुसरीकडे होतो : इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते, कार्बोरेटरमधून मधूनमधून ‘फट्’ असा आवाज येतो, आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा डायफ्राम लवकर खराब होतो. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात आणि जेट जाणकाराकडून तपासून घ्यावा.

तेल काय सांगते

बेअरिंगचा संशय पक्का होत असेल, तर इंजिन उघडण्याआधी तेल काढून पाहावे. कोमट तेल स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्यातून गाळावे आणि मागे राहिलेल्या कणांवरून लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे कॅम, टॅपेट, चेन किंवा रिंग यांच्याकडचे. न चिकटणारे, उन्हात चमकणारे राखाडी कण बेअरिंगच्या वरच्या थराचे. त्यांत तांब्याच्या रंगाची झाक असेल, तर बेअरिंग आतल्या थरापर्यंत झिजले आहे आणि गाडी आता अजिबात चालवू नये. तेलाच्या दिव्याच्या स्विचच्या जागी तात्पुरता दाबमापक जोडून गरम इंजिनाचा दाब घेता आला, तर चित्र पूर्ण होते. मिनिटाच्या दर हजार फेऱ्यांमागे सुमारे दहा पौंड (प्रति चौरस इंच) दाब, हा जुन्या इंजिनांसाठी वापरला जाणारा अंदाज आहे.

गॅरेजमध्ये जाताना

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मधली होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वीस वर्षांची मुदत संपून ती रस्त्यावरून गेली. रोज ही इंजिने उघडून कान तयार झालेले फिटर त्यामुळे कमी होत चालले आहेत, आणि ही खरोखर हळहळण्याची गोष्ट आहे. नाशिकमध्ये जे वयस्क मिस्त्री अजून हे काम करतात, त्यांच्याकडे ‘इंजिन वाजते आहे’ एवढेच सांगत जाऊ नये. आपली वही घेऊन जावे आणि सांगावे : गरम झाल्यावर येतो, आयडलिंगच्या वर वाढतो, तिसरा प्लग काढल्यावर कमी होतो, पट्टा काढून पाहिला आहे. शक्य असल्यास आदल्या रात्रीच गाडी त्यांच्याकडे लावावी, म्हणजे सकाळचा थंड आवाज त्यांनाही ऐकता येतो. जाणता मिस्त्री अशा माहितीचा मान ठेवतो आणि स्वतः पुन्हा तपासून घेतो. जो ऐकून न घेता थेट इंजिन उतरवण्याचे बोलतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये.

चेंबर उघडण्याची वेळ आलीच, तर आधी संशयित सिलिंडरचीच बिगएंड कॅप काढून दाखवण्यास सांगावे. बेअरिंग घासलेले दिसले, तरी लगेच नवे बेअरिंग बसवू देऊ नये. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने किमान दोन दिशांनी मोजला गेला पाहिजे, कारण अंडाकृती झालेल्या जर्नलवर नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा ठोकू लागते. जर्नल मर्यादेबाहेर असेल, तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागतो; ग्राइंडिंगची कामे करणारे कारागीर अंबड-सातपूर भागात मिळतात. मात्र बेअरिंगचे कोणते अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या जर्नलसाठीचे माप) प्रत्यक्ष हातात आहे, हे पाहूनच ग्राइंडिंगचे माप द्यावे. आधी क्रँक घासून नंतर त्या मापाचे बेअरिंग शोधत फिरण्याची वेळ पद्मिनीच्या मालकावर आज सहज येऊ शकते. काढलेली बेअरिंगे, कोणत्या सिलिंडरची ते लिहून, परत मागून घ्यावीत आणि जर्नलची मापे त्याच वहीत उतरवून ठेवावीत.